मोठी माणसं शिकायला बसतात तेव्हा

वेंगुर्ले तालुक्यात शिकवणं फक्त शाळा-कॉलेजात चालत नाही. इथल्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्रात शेतकरी कलम बांधायला आणि काजूवर प्रक्रिया करायला शिकतात. आयटीआयमध्ये मधली काही वर्षं नोकरीत किंवा घरच्या धंद्यात काढून आलेले तरुण नुकत्याच दहावी झालेल्या पोरांशेजारी बसून वायरिंग शिकतात. काथ्याचे, शिवणाचे, पर्यटनाचे वर्ग भरतात. मांडवीच्या खाडीत कांदळवन सफर चालवणाऱ्या स्वामिनी बचत गटातल्या महिलाही मोठेपणीच शिकल्या: पर्यटकांना होडीतून फिरवणं, खारफुटीच्या जाती ओळखणं, पक्षी दाखवणं, अनोळखी माणसांशी न बिचकता बोलणं. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत तर होड्या बांधणारे, मासेमारीची जाळी विणणारे, काथ्याकाम करणारे असे १८ प्रकारच्या कामांतले कारागीर येतात. त्यांचे हात प्रशिक्षणाला येण्याआधीच कामात मुरलेले असतात.

या सगळ्या वर्गांत एक माणूस कायम असतो आणि त्याच्याबद्दलच सर्वांत कमी बोललं जातं. तो म्हणजे शिकवणारा. आयटीआयमध्ये त्याला शिल्पनिदेशक म्हणतात, इतरत्र प्रशिक्षक. बहुतेकदा तो त्या धंद्यातलाच जाणकार असतो. वर्ग संपल्यावर किती जणांना प्रमाणपत्र मिळालं, किती जणांनी धंदा सुरू केला याचा हिशेब होतो. त्या माणसानं आपल्याहून वयानं मोठ्या, थकलेल्या, संसाराच्या काळज्या घेऊन आलेल्या वीस-पंचवीस जणांचा वर्ग कसा सांभाळला, हे मात्र कोणी विचारत नाही. माझ्या मते वर्गाची शिस्त आणि शिकवणाऱ्याचा ताण हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. प्रौढांना शाळकरी मुलांसारखं वागवलं की दोन्ही एकदमच बिघडतात, आणि वर्गाची आखणी प्रौढांसाठी केली की दोन्हीचा भार उतरतो.

मोठा विद्यार्थी काय घेऊन येतो?

प्रौढांच्या शिक्षणाचा विचार करणारे अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ माल्कम नोल्स यांनी १९७० च्या सुमारास एक साधी मांडणी केली. मोठ्या माणसाला आपण हे का शिकतोय ते आधी कळायला हवं असतं. स्वतःचे निर्णय स्वतः घ्यायची त्याला सवय असते. त्याच्या गाठी अनुभव असतो, आणि शिकलेलं उद्याच्या कामात उपयोगी पडावं अशी त्याची अपेक्षा असते. पुढच्या संशोधकांनी या मांडणीवर आक्षेपही घेतले, कारण मुलांनाही ‘का’ हा प्रश्न पडतोच. पण व्यवसाय शिकवणाऱ्याला रोज जे दिसतं, ते यात नेमकं आलं आहे.

आपल्याकडच्या वर्गात याला आणखी तीन गोष्टी जोडाव्या लागतात. पहिली म्हणजे वेळेची किंमत. रोजावर जाणारी बाई वर्गाला आली की त्या दिवसाचा रोज बुडतो. पीएम विश्वकर्मा योजनेत प्रशिक्षणाच्या दिवसांसाठी रोज ५०० रुपये विद्यावेतन ठेवलं आहे ते याच जाणिवेनं. ज्या वर्गात अशी सोय नसते, तिथे वाया गेलेला प्रत्येक अर्धा तास विद्यार्थ्याच्या खिशातून जातो, आणि त्याची चिडचिड शिकवणाऱ्याच्या समोरच बाहेर पडते.

दुसरी गोष्ट म्हणजे अनुभवाचा अभिमान. वीस वर्षं जाळी विणलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी ‘गाठ कशी मारायची’ सांगायला गेलं, तर ‘आमका सगळा म्हायत आसा’ हे उत्तर येणारच. त्यात उद्धटपणा नसतो. आयुष्यभराच्या कामाची दखल घ्या, एवढंच त्याचं म्हणणं असतं.

तिसरी आणि सर्वांत खोल गोष्ट म्हणजे लाज. शाळा सुटून तीस वर्षं झालेली बाई वही उघडताना घाबरते. चारचौघांत चुकलो तर वाडीत बोभाटा होईल ही भीती असते, कारण त्याच वर्गात तिची जाऊ असते, शेजारीण असते, कधी सूनही असते. ‘माका जमाचा नाय’ असं ती आधीच सांगून टाकते. पुष्कळदा हे वाक्य म्हणजे स्वतःची अब्रू राखण्याची तजवीज असते. शिकवणाऱ्यानं त्याला आळस समजून दटावलं, तर ती दुसऱ्या दिवशी येत नाही.

गोंधळ आधीच आवरायचा

जेकब कौनिन या मानसशास्त्रज्ञानं शाळांतल्या वर्गांचं बारकाईनं निरीक्षण करून १९७० मध्ये आपले निष्कर्ष मांडले. गोंधळ झाल्यावर कोण काय करतं, यात वर्ग चांगला सांभाळणारे शिक्षक आणि न सांभाळू शकणारे शिक्षक यांच्यात त्याला फारसा फरक दिसला नाही. फरक दिसला तो गोंधळ होण्याआधी. चांगला शिक्षक सगळ्या वर्गावर लक्ष ठेवून असतो, एका कामातून दुसऱ्या कामाकडे खोळंबा न होता जातो आणि कोणाला रिकामं बसू देत नाही. हा अभ्यास मुलांच्या वर्गांचा असला, तरी मोठ्यांच्या वर्गाला तो जास्तच लागू पडतो. मुलाला एक वेळ दटावता येतं, पन्नाशीच्या मामांना कसं दटावणार?

म्हणून पहिली आखणी हवी वेळापत्रकाची. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. तेव्हा दर्यावर जाणारी घरं मोकळी असतील म्हणून कोणी त्या दोन महिन्यांत वर्ग लावतो, पण ज्यांची थोडी भातशेती आहे त्यांची लावणी ऐन तेव्हाच असते. मार्च ते मे काजू-आंब्याचा हंगाम असतो. गणपतीचे दिवस कोणी देणार नाही, आणि गावची जत्रा असली की त्या गावातले विद्यार्थी हमखास गैरहजर राहतात. हे सगळं आधी माहीत असतं. तरीही वर्गाची तारीख वरून आलेल्या उद्दिष्टाप्रमाणे ठरते, आणि मग ‘विद्यार्थी नियमित नाहीत’ असा शेरा शिकवणाऱ्याला लिहावा लागतो. नोंदणीच्या दिवशीच कोणाची बस किती वाजता आहे, कोणाच्या घरी लहान मूल किंवा म्हातारं माणूस आहे, कोणाची लावणी केव्हा आहे, हे विचारून वेळ ठरवली, तर उशिरा येण्याची निम्मी भांडणं उद्भवतच नाहीत.

दुसरी आखणी पहिल्या दिवसाची. नियमांची यादी वाचून दाखवण्यापेक्षा त्या दिवशी वर्गालाच विचारावं: इथून जाताना प्रत्येकाला काय यायला हवं? कोणाला घरच्या घरी काजू फोडून विकायचा असतो, कोणाला कारखान्यात नोकरी हवी असते, कोणाला नुसतं प्रमाणपत्र हवं असतं. प्रमाणपत्रासाठी आलेल्यालाही कमी लेखू नये, कर्जाच्या अर्जाला ते लागत असेल. उत्तरं फळ्यावर लिहून त्याखाली अभ्यासक्रमाचे दिवस मांडले की ‘हे कशाला शिकवता?’ हा प्रश्न मागाहून उठत नाही. मोबाइल कधी वापरायचा, उशीर झाला तर काय करायचं, हेही त्याच दिवशी सगळ्यांच्या संमतीनं ठरवावं. स्वतः ठरवलेला नियम मोठा माणूस सहसा मोडत नाही.

तिसरी आखणी हत्यारांची. पंचवीस विद्यार्थी आणि दोन यंत्रं असतील, तर तेवीस जण गप्पाच मारणार. त्याला बेशिस्त म्हणता येत नाही. अशा वेळी वर्गाच्या टोळ्या कराव्यात: एक यंत्रावर, एक प्रतवारीला, एक हिशेबाला. ठरलेल्या वेळेनं अदलाबदल करावी.

काजूच्या बीपुढे चार पायऱ्या

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या कारखान्यांत नवख्या कामगारांना झपाट्यानं तयार करण्यासाठी एक पद्धत बसवली गेली. तिच्या चार पायऱ्या होत्या: शिकणाऱ्याची तयारी करून घेणं, काम करून दाखवणं, त्याच्याकडून करून घेणं आणि नंतर लक्ष ठेवणं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण काजू फोडण्याच्या वर्गात लावून पाहिलं की तिची ताकद कळते.

काजूची बी आधी वाफवतात, मग थंड होऊ देतात. हातापायानं चालणाऱ्या कटरवर बी दोन पात्यांच्या मधे नीट बसवायची, पायानं दाब देऊन पाती आत घुसवायची, हातानं दांडा फिरवून टरफल फाकवायचं आणि गर काढायचा. टरफलातलं तेल कातडी जाळतं, म्हणून काम सुरू करण्याआधी हाताला तेल लावायचं किंवा हातमोजे घालायचे. गर अख्खा निघाला तर भाव चांगला, त्याच्या पाकळ्या झाल्या तर कमी, कणी झाली तर आणखी कमी. अख्ख्या गराची प्रतवारी आकड्यांनी होते: २४० नंबरचा काजू म्हणजे पौंडाला साधारण २४० गर, ३२० नंबरचा म्हणजे त्याहून बारीक.

हे सगळं एका दमात सांगितलं तर नवशिकी बाई गोंधळते, पहिल्या दहा बिया फुटतात आणि ती हात आखडते. म्हणून पहिल्या पायरीला तिला फक्त अख्खा गर आणि पाकळी शेजारी ठेवून दोन्हींच्या भावातला फरक दाखवावा, म्हणजे ‘का’ कळतं. दुसऱ्या पायरीला प्रशिक्षकानं एकदा काही न बोलता, नेहमीच्या वेगानं काम करून दाखवावं. मग सावकाश, प्रत्येक टप्प्याचं नाव घेत. मग तिसऱ्यांदा, चूक नेमकी कुठे होते ते सांगत. बी तिरकी बसली की गर चिरतो, हे तिसऱ्यांदा सांगितलं की लक्षात राहतं. तिसऱ्या पायरीला तिनं करावं, आणि करता करता काय करतेय ते बोलावं. बोलली की समजलंय का ते लगेच कळतं. चौथ्या पायरीला प्रशिक्षकानं बाजूला व्हावं, पण अर्ध्या तासानं तिच्या ताटलीतल्या पाकळ्या मोजून जावं.

चौथी पायरी कलमांच्या वर्गात आणखी महत्त्वाची ठरते. वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र १९५७ मध्ये सुरू झालं. वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या तिथल्या काजूच्या जाती कोकणभर लागल्या आहेत, आणि १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आल्यावर कलमांना मोठी मागणी आली. कलम बांधायला शिकवणाऱ्याची अडचण वेगळी असते. काजू फुटला की चूक तिथल्या तिथे दिसते. कलम जगलं की मेलं हे मात्र काही आठवड्यांनी कळतं, तोवर वर्ग संपलेला असतो. त्यामुळे शिकणारा साशंक राहतो आणि शिकवणारा आपलं श्रेय किंवा चूक न कळताच पुढच्या तुकडीकडे वळतो. यावर उपाय आहे. बांधलेल्या कलमांपैकी एखाद-दुसरं वर्गातच सोडून पाहावं: पाचर सरळ तासली गेली का, खुंटाची आणि काडीची साल एका बाजूला तरी जुळली का, मधे पोकळी राहिली का. एक-दोन कलमं वाया जातात, पण चूक डोळ्यांना दिसते. उरलेल्यांवर शिकणाऱ्याचं नाव आणि तारीख लिहून ती त्यालाच घरी द्यावीत आणि महिन्यानं फोन करून किती जगली ते विचारावं.

वर्गातली अवघड माणसं

सगळं माहीत असलेला माणूस प्रत्येक वर्गात असतो. त्याच्याशी वाद घातला की वर्ग दोन तटांत विभागतो. त्यापेक्षा त्याला पहिल्या दिवशीच बोलावून सांगावं, ‘काका, तुमची जुनी पद्धत उद्या सगळ्यांना दाखवा, मग नवी पद्धत तिच्याशेजारी ठेवून पाहू.’ दोन्ही पद्धतींनी केलेलं काम वेळ आणि माल मोजून तोलावं. कधी नवी पद्धत सरस ठरते, कधी काकांची. दोन्ही वेळा वर्गाचा फायदा होतो, आणि काका विरोधक राहत नाहीत.

गप्प बसणाऱ्याची काळजी याहून जास्त घ्यावी लागते. त्याला सगळ्यांसमोर प्रश्न विचारू नये. दोघा-दोघांच्या जोड्या करून आधी जोडीदाराला सांगायला लावावं. चूक दाखवायची असेल तर शेजारी बसून, हलक्या आवाजात. कौतुक मात्र सगळ्यांसमोर करावं, आणि ते नेमकं असावं: ‘छान’ म्हणण्यापेक्षा ‘आज तुमच्या ताटलीत पाकळ्या कमी पडल्या’ हे जास्त उपयोगी पडतं.

वाडीतली भांडणंही वर्गात येतात. बचत गटातला पैशाचा वाद, जमिनीचा दावा, निवडणुकीतली बाजू. प्रशिक्षकानं निवाडा करायला बसू नये. टोळ्या करताना एवढंच पाहावं की एकाच घरातली किंवा एकाच गटातली सगळी माणसं एका टोळीत येणार नाहीत. जात, वाडी, हुद्दा यावरून कोणी कोणाला टोचून बोललं, तर मात्र तिथल्या तिथे, आवाज न चढवता, ठाम शब्दांत थांबवलंच पाहिजे. या बाबतीत मोठ्यांचं वय आड येऊ देऊ नये.

शिकवणाऱ्यावरचा भार

कामाच्या जागी माणूस पिळून कसा निघतो, याचा अभ्यास ख्रिस्तिना मास्लाक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी केला. त्यांनी आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेनं १९८१ मध्ये त्याची तीन लक्षणं मोजण्याची पद्धत दिली: मनानं पूर्ण थकून जाणं, समोरच्या माणसांबद्दल कोरडेपणा येणं आणि आपल्या कामाला काही अर्थ नाही असं वाटणं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये याला नोकरीशी जोडलेली अवस्था म्हणून आपल्या वर्गीकरणात जागा दिली. त्यात ‘नीट न हाताळला गेलेला, दीर्घकाळचा कामाचा ताण’ हे कारण मानलं आहे. व्यक्तीचा कमकुवतपणा असं कुठेही म्हटलेलं नाही.

दुसरा अभ्यास रॉबर्ट कारासेक यांचा, १९७९ मधला. ज्या कामात मागणी भरपूर आणि निर्णयाचा अधिकार थोडा, त्या कामात ताण सर्वांत जास्त, असं त्यांनी मांडलं. व्यवसाय प्रशिक्षकाचं काम अगदी याच चौकटीत बसतं. अभ्यासक्रम वरून येतो, तारखा वरून येतात, कच्चा माल वेळेवर आला नाही तरी दिवस भरावा लागतो. हजेरी, फोटो, अहवाल, ऑनलाइन नोंदी हे सगळं शिकवण्याच्या वेळातूनच काढायचं. अनेक ठिकाणी तो तासिका तत्त्वावर असतो, म्हणजे पुढच्या वर्षी काम मिळेल का याची खात्री नसते. वर कार्यशाळेत यंत्रं चालू असताना वीस-चोवीस जणांच्या बोटांवर सतत नजर ठेवायची. या जागरूकतेचा थकवा घरी गेल्यावर जाणवतो.

त्यात ऐकण्याचा भार असतो. मोठे विद्यार्थी आपली सुखदुःखं प्रशिक्षकाला सांगतात: कर्ज, नवऱ्याचं दारूपान, मुंबईला गेलेला मुलगा. ऐकून घेणं माणुसकीचं आहे, पण प्रत्येक प्रश्न सोडवणं प्रशिक्षकाला शक्य नाही. कर्जाच्या प्रश्नासाठी बँकेतल्या कोणाकडे पाठवायचं, घरातल्या मारहाणीसाठी कोणत्या कार्यालयात जायचं, याची यादी जवळ ठेवावी आणि तिथे जोडून द्यावं. मदतही होते आणि ओझंही आपल्याच छातीवर राहत नाही.

आवाजाचं दुखणंही या कामात होतं. यंत्रांच्या गोंगाटावर ओरडून शिकवणाऱ्याचा घसा काही वर्षांत बसतो. सूचना द्यायच्या आधी सगळी यंत्रं बंद, हा नियम घसाही वाचवतो आणि अपघातही टाळतो. वर्ग संपल्यावर दहा मिनिटं कोणाशी न बोलता बसून आज काय जमलं, उद्या काय बदलायचं हे दोन ओळींत लिहिण्याची सवय लावली, तर वर्ग डोक्यात घेऊन घरी जावं लागत नाही.

संस्थांकडून काय हवं?

एकट्या प्रशिक्षकाच्या सवयींनी हे सुटणार नाही. आयटीआयच्या निदेशकांसाठी शिकवण्याची पद्धत शिकवणारा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. मुंबईत शीवजवळच्या राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्थेतही अशी सोय आहे. पण चार-पाच दिवसांच्या वर्गावर बोलावलेल्या कारागिराला आपली कला येते म्हणून शिकवणंही येईल, असं बहुतेक वेळा गृहीत धरलं जातं. त्याला निदान दोन दिवस मोठ्यांना कसं शिकवायचं हे दाखवावं, आणि पहिल्या वर्गात एक अनुभवी सहकारी सोबत द्यावा.

कर्नाटकातल्या उजिरे इथे १९८२ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगातून देशभरच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. बँका त्या जिल्हावार चालवतात. प्रशिक्षण संपल्यावर दोन वर्षं विद्यार्थ्याचा पाठपुरावा करायचा, ही त्यांची चांगली प्रथा आहे. त्या पाठपुराव्यातून जे कळतं, ते शिकवणाऱ्यापर्यंतही पोचायला हवं. आपण शिकवलेल्या बाईच्या काजूला गिऱ्हाईक मिळालं हे कळणं, कामाचा अर्थ हरवू न देण्यासाठी फार मोलाचं असतं.

संस्थांना माझं कळकळीचं सांगणं आहे: तारखा ठरवताना प्रशिक्षकाला विचारा, कागदपत्रांसाठी दुसरा हात द्या, कच्चा माल आल्याशिवाय वर्ग सुरू करू नका आणि महिन्यातून एकदा सगळ्या प्रशिक्षकांना अडचणी मोकळेपणी बोलायला एकत्र बसवा. आणि प्रशिक्षकांना: झोप उडाली असेल, विद्यार्थ्यांचा चेहरा पाहूनच वैताग येत असेल, आठवडेच्या आठवडे असं चाललं असेल, तर ते अंगावर काढू नका. डॉक्टरांना भेटा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी फोन करता येतो, त्याला पैसे पडत नाहीत आणि मराठीतही बोलता येतं.